एकोणऐंशी दिवस

आमच्याकडे मला सगळे वकीलसाहेब म्हणतात. त्यात निम्मी चेष्टा असते आणि निम्मी गरज. मी कसला वकील! मी ऑरेल गिड्री, वय त्रेसष्ट, जन्मठेपेचा कैदी. गेली एकोणीस वर्षं तुरुंगाच्या कायद्याच्या लायब्ररीत बसून इतरांचे अर्ज लिहितोय. लुइझियानात ही रीतच आहे. सरकार आमच्यातलेच चार-दोन डोकेबाज कैदी निवडतं, त्यांना थोडंफार शिकवतं आणि बाकीचे दोन हजार जण त्यांच्या गळ्यात घालतं.

माझं काम चोख असतं. पानावर खाडाखोड नाही, समास सारखे, टाइपरायटरची फीत ताजी. बाहेरच्या कोट घातलेल्या वकिलांचे कागद मी पाहिलेत, माझ्यापुढे ते शाळकरी पोरांच्या वह्यांसारखे दिसतात. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता तोरा गेलाय, पण खोटं कशाला बोलू, सवय गेलेली नाही.

डेल्फस नार्सिस माझ्याकडे आला तो सप्टेंबरात. चव्वेचाळीस वर्षांचा, खाडीकाठचा कोळंबीवाला, खांदे बैलासारखे आणि आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागे. कागदांचं गाठोडं उशीच्या अभ्र्यात भरून आणलं होतं. वाचायला त्याला त्रास होई. एकेक ओळ बोट ठेवून वाचायचा आणि मध्येच दमून थांबायचा. राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं त्याचा शेवटचा अर्ज दहा दिवसांपूर्वी फेटाळला होता, एका ओळीत. आता उरला होता तो फेडरल कोर्टातला हेबियस अर्ज. राज्यानं मला बेकायदा डांबून ठेवलंय, तुम्ही तरी बघा, अशी देशाच्या कोर्टाकडे मागितलेली शेवटची दाद. ती गेली की पॅरोल नसलेली जन्मठेप, म्हणजे इथंच मरायचं आणि मागच्या कुंपणाला लागून जे कब्रस्तान आहे तिथं पुरून घ्यायचं.

त्याची हकीकत साधी होती. धक्क्यावरच्या दारूच्या दुकानामागे एकाला कुणीतरी भोसकून मारलं. आदल्या दिवशी डेल्फसची त्याच्याशी हाणामारी झाली होती, म्हणून दोन झिंगलेल्या साक्षीदारांनी डेल्फसचं नाव घेतलं. पण त्या वेळी डेल्फस सहा मैलांवरच्या बर्फाच्या कारखान्यात होडीत बर्फ भरत होता. कारखान्यात ओडील व्हेरेट नावाची बाई वहीत सगळं लिहून घ्यायची: होडीचं नाव, किती बर्फ, किती वाजले, आणि पुढे होडीवाल्याची सही. त्या पानावर डेल्फसची सही होती, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांची. सरकारनं दिलेला वकील त्याला सगळे मिळून दोनदा भेटला. बर्फाच्या कारखान्यात तो गेलाच नाही. निकालानंतर डेल्फसची बहीण अर्लीन तिथं जाऊन त्या पानाची प्रत घेऊन आली. ओडीलबाई तोवर वारल्या होत्या.

"माझं म्हणणं एवढंच आहे," डेल्फस म्हणाला, "की एका तरी जज्जानं ते पान हातात घेऊन वाचावं. मग काय करायचं ते करू दे त्याला. आठ वर्षं झाली, अजून कुणी वाचलं नाही."

मी वाचलं. आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. एकोणीस वर्षांत मी शेकडो अर्ज लिहिले, त्यातले बहुतेक नुसते लिहायचे म्हणून. माणसाला आशा लागते, मी आशा टाइप करून देतो. पण हे प्रकरण जिंकण्यासारखं होतं. असलं प्रकरण माझ्या हाती कधी आलंच नव्हतं.

आधी दिवस मोजले. फेडरल कोर्टात जायला कैद्याला एक वर्ष मिळतं, एक दिवस जास्त नाही. राज्याच्या कोर्टात अर्ज पडून असेल तोवर हे वर्ष थांबतं, निकाल लागला की पुन्हा चालू. शिवाय पहिलं अपील संपल्यावर वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात जायला नव्वद दिवस असतात. तुम्ही गेला नाहीत तरी ते नव्वद दिवस वर्षात धरत नाहीत, फुकटात मिळतात. डेल्फसच्या वर्षातले एकशे सदुसष्ट दिवस उरले होते. त्यात राज्याच्या शेवटच्या निकालानंतरचे नव्वद मी मिळवले. भिंतीवर कुठल्याशा चर्चनं पाठवलेलं पेलिकनच्या चित्रांचं कॅलेंडर होतं, त्याचं नव्या वर्षाचं आलं तेव्हा मी तेवीस मेला लाल गोल काढला. डेल्फसला म्हटलं, हा बघ, हा आपला कडा. याच्या पुढे दरी. त्यानं गोलावर बोट ठेवलं आणि मान हलवली.

त्याच्या बराकीची लायब्ररीची पाळी बुधवारी असे. दर बुधवारी तो माझ्यासमोर येऊन बसायचा. मी विचारायचो, तो सांगायचा. बर्फ कसा दळून येतो, नळीनं होडीच्या पोटात कसा सोडतात, ओडीलबाईंचं पेन दोरीनं टेबलाला कसं बांधलेलं असे. मधेच आईविषयी सांगायचा. ती एक्याऐंशीची. तिला गुडघ्यांमुळे भेटीला येता येत नाही, म्हणून अर्लीन येते आणि परत जाऊन तिला सगळं सांगते. म्हातारीचा एकच प्रश्न असतो, कोर्टानं वाचलं का?

नऊ जानेवारीला, सोमवारी, अर्ज पुरा झाला. अडतीस पानं. सोमवारी जेवायला लाल राजमा आणि भात असतो. रांगेत डेल्फस माझ्या मागे होता. टेबलावर बसल्यावर मी त्याला सांगितलं, झालं, आज झालं. त्याचा चमचा तसाच हवेत राहिला.

"मग शुक्रवारी टाकूया," तो म्हणाला.

"टाकूया? मावशीला पत्र आहे का हे?" मी खेकसलो. "अरे, या दारात माणूस एकदाच जातो. काही राहिलं तर दुसऱ्यांदा आत घेत नाहीत. मेपर्यंत वेळ आहे आपल्याला. मला एकदा नीट हात फिरवू दे. फार घाई असेल तर दुसरा कोणी बघ."

"नाही, नाही. तुम्ही म्हणाल तसं, वकीलसाहेब," तो म्हणाला आणि राजमा खायला लागला.

मग मी हात फिरवत बसलो. काय सांगू, मला त्याचं व्यसनच लागलं. पान सातवर एक वाक्य लांब वाटलं, ते तोडलं, म्हणून सात ते बारा पानं पुन्हा टाइप केली. जुन्या निकालांचे दाखले बदलले. डेल्फसच्या खटल्यातल्या वकिलाला आधी 'निष्काळजी' म्हटलं होतं, मग 'बेजबाबदार' केलं, मग आठवडाभरानं परत 'निष्काळजी'. लायब्ररीत येणाऱ्यांना मी पानं दाखवायचो. ते म्हणायचे, वा वकीलसाहेब, आणि मला मूठभर मांस चढायचं. अर्लीननं पत्रातून विचारलं, अर्ज गेला का. मी डेल्फसला उत्तर सांगितलं, चांगल्या कामाला वेळ लागतो, असं कळव.

एका बुधवारी तो कपाळावर राख लावून आला. राखेचा बुधवार होता, ईस्टरआधीचे उपास सुरू होण्याचा दिवस; सकाळी पाद्री येऊन सगळ्यांना राख लावून गेले होते. मी त्याला चिडवलं, अरे, तोंड धुवायला पाणी मिळालं नाही का. तो हसला. त्या दिवशी मी पान अकरा पुन्हा लावत होतो. तो तासभर नुसता बसून होता. जाताना म्हणाला, अजून किती राहिलंय हो? मी म्हटलं, थोडंच.

बारा मेला आम्ही अर्ज दिला. कोर्टाचं टपाल साध्या पेटीत टाकायचं नसतं. मंगळवारी आणि शुक्रवारी तुरुंगाच्या टपालाचं बघणाऱ्या मिस टॉलिव्हर गाडा घेऊन येतात, त्यांच्या हातात द्यायचं, वहीत सही करायची आणि पाकिटावर शिक्का मारून घ्यायचा. ज्या दिवशी शिक्का त्या दिवशी अर्ज दाखल, मग तो कोर्टात पोचायला महिना लागो. मी शिक्का दोनदा तपासून पाहिला. कड्याच्या अकरा दिवस अलीकडे. डेल्फसनं शर्टाला गादीखाली ठेवून घडी पाडली होती. सही करताना जीभ दातांत धरली होती. मिस टॉलिव्हर म्हणाल्या, देवाच्या हवाली. मी मनात म्हटलं, देवाचा काय संबंध, पानं माझी आहेत.

सप्टेंबरात सरकारी वकिलाचं उत्तर आलं. मला वाटलं होतं वीस-पंचवीस पानं असतील, बर्फाच्या कारखान्यावर झोड उठवली असेल, आणि मी प्रत्येक मुद्द्याचा समाचार घेईन. उत्तर चार पानांचं होतं. त्यात बर्फाचं नाव नव्हतं. लिहिलं होतं, अर्ज मुदतीबाहेर आहे, एकोणऐंशी दिवस उशीर, फेटाळून लावावा.

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, या गाढवांना मोजता येत नाही. मग त्यांनी दिलेला दाखला काढायला कपाटाकडे गेलो आणि उभ्या उभ्याच वाचला. ते फुकटचे नव्वद दिवस एकदाच मिळतात, पहिल्या अपिलानंतर. राज्याच्या कोर्टातला नंतरचा अर्ज फेटाळला की घड्याळ त्याच दिवशी सुरू होतं, तिथं नव्वद बिव्वद काही नाही. पंधरा वर्षांहून जुना निकाल होता. पुस्तक माझ्याच कपाटात होतं, आणि त्याच्या पाठीवरची चिठ्ठी मीच चिकटवलेली होती.

खाली बसलो. इतकी वर्षं मी सगळ्यांचे दिवस असेच मोजत आलो होतो आणि एकदाही अडलं नव्हतं, कारण बाकीच्यांचे अर्ज मी लिहिले की लगेच देऊन टाकायचो. त्यांत हात फिरवण्यासारखं काही नसायचं. डेल्फसचाच तेवढा ठेवून घेतला. खरा कडा बावीस फेब्रुवारीला होता, आणि अर्ज नऊ जानेवारीपासून माझ्या खणात पडून होता.

बुधवारी तो आल्यावर मी त्याला सांगितलं. पण सगळं नाही. म्हटलं, माझा हिशेब चुकला, डेल्फस, एकोणऐंशी दिवस उशीर झाला. नऊ जानेवारीचं नाव मी काढलं नाही. तो म्हणाला, काही करता येईल का? मी म्हटलं, करतो.

केलं. शपथेवर लिहून दिलं की चूक सर्वस्वी माझी आहे, या माणसाला वाचायला जड जातं, तो माझ्यावर विसंबून होता. लिहिलं आणि लगोलग दिलं. शिवाय म्हटलं, निर्दोष असल्याचा नवा पुरावा असेल तर उशीर माफ होतो, तर हे वहीचं पान बघा. फेब्रुवारीत जज्जाचा हुकूम आला. मोजण्यात झालेली चूक हे उशिराला कारण होऊ शकत नाही, मग ती वकिलाची असो की मदतनीस कैद्याची. आणि ते पान नवा पुरावा नाही, खटल्याच्या वेळीही ते मिळण्यासारखं होतं. खटल्याच्या वेळी कुणी मागितलं नाही हीच तर आमची तक्रार होती. म्हणजे ज्या वकिलानं ते आणलं नाही त्याचंच न आणणं डेल्फसच्या आड आलं. अर्ज फेटाळला, अपिलाची परवानगीही नाकारली. वरच्या कोर्टाकडे ती मागून पाहिली, त्यांनीही दोन ओळींत नाही म्हटलं.

डेल्फसला मी हुकूम वाचून दाखवला. त्यानं विचारलं, "त्यांनी पान वाचलं का?"

"नाही," मी म्हटलं. "वाचायची गरज नाही असं म्हणतात."

त्यानंतर तीन बुधवार तो आला नाही. जेवायच्या रांगेत दिसायचा, पण माझ्या चार माणसं मागे उभा राहायचा. मला झोप लागेना, अन्न गोड लागेना. वाटायचं त्यानं येऊन माझी गचांडी धरावी, चारचौघांत शिव्या द्याव्यात, म्हणजे निदान सुटल्यासारखं वाटेल. तेही तो करत नव्हता.

चौथ्या बुधवारी आला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मागच्या वर्षाचं कॅलेंडर आहे का?"

होतं. मी जुनी कॅलेंडरं टाकत नाही. खणातून काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं मेचं पान उघडलं, बारा तारखेवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत मागे मोजायला लागला. एकेक चौकट. एप्रिल संपला, मार्च संपला. मधे एकदा चुकला, पुन्हा बारा मेपासून सुरू केलं. मला सांगता आलं असतं कुठे पोचणार ते. एकोणऐंशी म्हणाला तेव्हा त्याचं बोट बावीस फेब्रुवारीवर होतं. त्या चौकटीत बारीक अक्षरांत राखेचा बुधवार असं छापलेलं होतं.

"त्या दिवशी मी इथंच बसलो होतो," तो म्हणाला. "या खुर्चीत. मी विचारलं होतं, किती राहिलंय."

मी मान हलवली.

"आणि राजमा होता तो दिवस? तुम्ही म्हणालात ना, झालं म्हणून. तो कुठला?"

आता लपवून काय करायचं होतं! मी कॅलेंडर माझ्याकडे वळवलं, जानेवारीचं पान काढलं आणि नऊ तारखेवर माझं बोट ठेवलं. म्हटलं, तेव्हा अर्ज तयार होता, डेल्फस. त्याच शुक्रवारी दिला असता तर कोर्टाला तो वाचावा लागला असता. हे तुला मी आधी सांगितलं नाही. मला लाज वाटली.

तो नऊ जानेवारी आणि बावीस फेब्रुवारीच्या मधल्या चौकटींवरून बोट फिरवत गेला. मग म्हणाला की दोन्ही अर्ज वाचून दाखवा, जानेवारीतला आणि मेमधला. दोन्हींच्या प्रती माझ्याकडे होत्या. मी जानेवारीतला वाचला. ओडीलबाईंच्या पेनाच्या दोरीचं आलं तिथं त्यानं डोळे मिटले. त्याचा अर्ज त्यानं सलग असा पहिल्यांदाच ऐकला. दोन तासांची पाळी संपली. पुढच्या बुधवारी मी मेमधला वाचला. शेवटचं पान झाल्यावर कागद सारखे करून ठेवले.

"मला फरक कळला नाही, ऑरेल," तो म्हणाला. माझं नाव त्यानं तेव्हा पहिल्यांदा घेतलं. "जज्जाला कळला असता का?"

"नाही."

"दोन्हींत मी बर्फच भरतोय."

"हो."

मी रडलो. आमच्याकडे कुणासमोर रडत नाहीत, पण रडलो. तो उठला नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. तसं करायचं काही कारणही नव्हतं. माझं संपेपर्यंत त्यानं वाट बघितली आणि मग म्हणाला, आईला पत्र लिहून दे. अर्लीनच्या तोंडून तिला कळायला नको. मी टाइपरायटरमध्ये कागद घातला आणि विचारलं, काय लिहू?

"लिही, आई, कोर्टानं वाचलं नाही. आता पुढे कोर्ट नाही. गुडघ्यांना तेल लावत जा." मग म्हणाला, "का वाचलं नाही ते लिहू नकोस. ती रोज देवापुढे तुझं नाव घेते, वकीलसाहेबाला उदंड आयुष्य दे म्हणून. ते तसंच राहू दे."

मी लिहिलं. त्याच्यापुढे ठेवलं, त्यानं जीभ दातांत धरून सही केली. 'गुडघ्यांना' टाइप करताना एक अक्षर दुसऱ्यावर चढलं होतं, ते मला दिसलं. हात आपोआप नव्या कागदाकडे गेला होता, तो मी मागे घेतला. पत्राची घडी घातली, पाकीट चिकटवलं आणि तीनचं टपाल निघायच्या आत पेटीत टाकून आलो.